वादी सरकार : खान्देशातील लोकांच्या पैशाचे खटले

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. ती एकट्या माणसासाठी आहे. ज्याच्याकडे वकिलाची फी नाही, तारखेला जायला वेळ नाही आणि समोरचा आपल्यापेक्षा बलवान आहे, त्याने पायरी न चढलेलीच बरी, हा तिचा मथितार्थ. पण ज्या वेळी फसवणूक एकाची नसून हजारो शहाण्यांची एकदम होते, त्या वेळी पायरी कोणी चढायची? गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर हळूहळू घडत गेले. ते उत्तर म्हणजे सरकारने चढायची, सरकारी वकिलाच्या मार्फत. या उत्तराचा कस ज्या प्रदेशात लागला, त्यांत जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे ठळकपणे येतात.

सरकार न्यायालयात तीन नात्यांनी उभे राहते. बहुतेक वेळा ते प्रतिवादी असते. भूसंपादनाचा मोबदला, नोकरीतील बडतर्फी, महसुलाचे वाद यांत नागरिक वादी असतो आणि सरकारी वकील सरकारचा बचाव करतो. दुसरे नाते फिर्यादीचे. खून, दरोडा, लाचलुचपत यांत गुन्हा व्यक्तीविरुद्ध घडला तरी खटला ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ अमुक असा चालतो. तिसरे नाते पालकाचे. ज्यांना स्वतः दावा लढवता येत नाही अशांच्या वतीने, त्यांच्या पैशासाठी किंवा हक्कासाठी सरकार न्यायालयात जाते. या लेखात विचार करायचा आहे तो या तिसऱ्या नात्याचा आणि दुसऱ्या नात्याशी त्याची जिथे सरमिसळ होते त्या जागेचा.

सावकाराच्या रोख्यापासून सुरुवात

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खान्देश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे हे आपले ठाणे केले. १९०६ मध्ये जिल्ह्याची विभागणी होऊन धुळे पश्चिम खान्देशाचे आणि जळगाव पूर्व खान्देशाचे मुख्य ठिकाण झाले. इंग्रजी न्यायालये आली, तसा लेखी रोख्याला अपार मान आला. रोख्यावर अंगठा आहे ना, मग रक्कम खरी, असा तो न्याय होता. मूळ कर्ज किती, व्याजावर व्याज किती चढवले, मधल्या काळात ऋणकोने किती फेडले, हे विचारण्याची न्यायाधीशाला गरज वाटत नसे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, आणि दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला आणि पुढे टप्प्याटप्प्याने इतरत्र पसरला. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन सगळा हिशेब मुळापासून तपासण्यास सांगितले आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची वाट बंद केली.

या कायद्याने सरकारला वादी केले नाही. दावा सावकाराचाच राहिला, बचाव शेतकऱ्याचाच. पण दोन पक्षांची ताकद विषम असेल तर न्यायालयाने केवळ पंच म्हणून गप्प बसू नये, हे तत्त्व इथे प्रथम कायद्यात उतरले. पुढील सर्व कायदे या तत्त्वाचे वारसदार आहेत.

कलेक्टरच्या हातातील दावा

पुढची पायरी १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत दिसते. तिच्या कलम ९१ नुसार सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध महाधिवक्त्याला दावा आणता येतो. कोणाचे वैयक्तिक नुकसान सिद्ध करण्याची अट नाही. कलम ९२ नुसार धर्मादाय न्यासाच्या विश्वस्तांनी गैरव्यवहार केला तर त्यांना दूर करण्याचा, हिशेब मागण्याचा दावाही महाधिवक्ता आणू शकतो. मुंबईतला महाधिवक्ता धुळ्याच्या किंवा एरंडोलच्या विहिरीसाठी कुठे येणार? म्हणून कलम ९३ ने हाच अधिकार राज्य सरकारच्या मंजुरीने जिल्ह्यात कलेक्टरला दिला. न्यासांची देखरेख १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने धर्मादाय आयुक्तांकडे गेली.

मग दुसऱ्या महायुद्धात एक वेगळे हत्यार घडले. युद्धकाळातील पुरवठ्याच्या कंत्राटांत सरकारची मोठी फसवणूक होऊ लागली. आरोपी शिक्षा भोगून येईपर्यंत पैसा भावाच्या, बायकोच्या, भागीदाराच्या नावावर गेलेला असे. त्यावर १९४४ चा फौजदारी कायदा दुरुस्ती अध्यादेश आला. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, सरकारच्या अर्जावरून, गैरमार्गाने मिळवलेली मालमत्ता जिल्हा न्यायाधीशाला जप्त करता येऊ लागली. अध्यादेश साधारणपणे सहा महिन्यांत संपतो. मात्र युद्धकाळातील विशेष तरतुदीमुळे ही मुदत त्याला लागू झाली नाही आणि तो स्वातंत्र्यानंतरही जिवंत राहिला.

आधी जप्ती, मग निकाल. ही कल्पना महत्त्वाची. मात्र १९४४ मध्ये वाचवायचा होता तो प्रामुख्याने सरकारी व स्थानिक संस्थांचा पैसा. सामान्य माणसाच्या ठेवीला हे कवच मिळायला आणखी पंचावन्न वर्षे लागली.

ठेवीदाराचा कायदा

१९९० च्या दशकात जास्त व्याजाचे आमिष दाखवून ठेवी गोळा करणाऱ्या वित्तसंस्थांचे देशभर पेव फुटले आणि त्यांतल्या कित्येक बुडाल्या. तामिळनाडूने १९९७ मध्ये ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९९९ च्या एप्रिलअखेरपासून अमलात आला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘एमपीआयडी’ म्हणतात.

त्याची रचना अशी. संस्थेने ठेव परत करण्यात कपटाने कसूर केली की जबाबदार व्यक्तींना सहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्याचा खरा जीव जप्तीत आहे. पोलिस मालमत्तेची यादी करतात, प्रस्ताव गृह विभागाकडे जातो, शासन राजपत्रात अधिसूचना काढून मालमत्ता जप्त करते आणि उपजिल्हाधिकारी किंवा वरच्या दर्जाचा सक्षम प्राधिकारी तिचा ताबा घेतो. या प्राधिकाऱ्याने तीस दिवसांत नियुक्त न्यायालयात अर्ज करून जप्ती कायम करून घ्यायची असते. तिथे सरकारच्या वतीने विशेष सरकारी वकील उभा राहतो. संस्थेने मालमत्ता तिसऱ्याच्या नावे फिरवली असेल तर त्या तिसऱ्याचीही मालमत्ता जप्त करण्याची सोय आहे. शेवटी लिलाव आणि ठेवीदारांत प्रमाणशीर वाटप.

दहा हजारांची ठेव असलेल्या विधवेने वा निवृत्त शिक्षकाने दिवाणी दावा लावायचा, कोर्ट फी भरायची, हुकूमनामा मिळवायचा आणि मग दरखास्त लावून मालमत्ता शोधायची, हा सगळा द्राविडी प्राणायाम या कायद्याने सरकारच्या शिरावर घेतला.

पण कायदा टिकेल का, हेच अनेक वर्षे अनिश्चित होते. २००५ मध्ये विजय पुलजाल प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो राज्य विधिमंडळाच्या अधिकारकक्षेबाहेरचा ठरवला. बँकिंग आणि कंपन्या हे केंद्राचे विषय, असा त्यामागचा विचार होता. मद्रास उच्च न्यायालयाने मात्र तामिळनाडूचा जवळजवळ तसाच कायदा वैध मानला. मार्च २०११ मध्ये के. के. भास्करन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्रासचा पक्ष उचलून धरला. गरीब आणि मध्यमवर्गीय ठेवीदारांना नेहमीच्या दिवाणी मार्गाने न्याय मिळणे अवघड आहे, म्हणून राज्याने केलेला उपाय योग्य, असा त्या निकालाचा रोख होता. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राचा कायदाही सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. एप्रिल २०२२ मध्ये ‘६३ मून्स’ प्रकरणात ठेव या शब्दाची व्याप्ती आणखी रुंद झाली. मे २०२५ मध्ये, या कायद्याखाली जप्त झालेल्या मालमत्तेवर तारणधारक बँकेला ठेवीदारांच्या आधी हक्क सांगता येणार नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

या सगळ्या निकालांत राज्याचे वकील ज्या मुद्द्यासाठी झगडत होते तो एकच. लोकांचा पैसा बुडाला तर राज्याला नुसते बघत राहता येणार नाही.

जळगावची पतसंस्था

खान्देशात पतसंस्थांनी इतके मूळ का धरले, हे समजून घेतले पाहिजे. इथला पैसा हंगामी. कापूस विकला की येतो, केळीचा घड कापला की येतो. राष्ट्रीयीकृत बँकेच्या काउंटरवर शेतकरी अवघडतो. पतसंस्थेचा संचालक मात्र ओळखीचा, लग्नाकार्यात भेटणारा. एजंट रोज दुकानाच्या पायरीवर येऊन पन्नास-शंभर रुपये घेऊन जातो. व्याज बँकेपेक्षा दोन टक्के जास्त. विश्वास ही पतसंस्थेची खरी पुंजी होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जळगाव जिल्ह्यातील एकामागून एक पतसंस्था अडचणीत आल्या आणि ही पुंजी आटली.

त्यानंतर आले भाईचंद हिराचंद रायसोनी, म्हणजे ‘बीएचआर’ या बहुराज्य पतसंस्थेचे प्रकरण. मुख्यालय जळगावात, शाखा अनेक राज्यांत. २०१४ च्या सुमारास ठेवी परत मिळेनाशा झाल्या. महाराष्ट्रात ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले. २०१५ मध्ये संस्थापक व संचालकांना अटक झाली आणि त्याच वर्षी संस्थेवर अवसायक नेमला गेला.

इथे कायद्याची एक गाठ आहे. राज्यातील साधी पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली येते. कलम ८३ ची चौकशी, कलम ८८ खाली संचालकांवर नुकसानीची निश्चिती, कलम १०१ चे वसुली दाखले, हे सारे राज्याच्या सहकार खात्याच्या हातात असते. बहुराज्य संस्था मात्र २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली येते. तिचा अवसायक केंद्रीय निबंधक नेमतो. म्हणजे गुन्हा राज्याचा, जप्ती राज्याची, पण संस्थेचा कारभार केंद्राने नेमलेल्या माणसाकडे. एकाच मालमत्तेवर दोन मालक बसवल्यासारखे झाले.

नोव्हेंबर २०२० मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे घातले आणि २०२१ मध्ये खुद्द अवसायकालाच अटक झाली. आरोप काय होता, ते सोप्या हिशेबाने सांगता येते. समजा, एका कर्जदाराकडे संस्थेचे एक कोटी रुपये थकले आहेत. त्याने ते रोख फेडले तर एक कोटी सर्व ठेवीदारांत वाटले जातील. पण त्याने गांजलेल्या ठेवीदारांकडून एक कोटीच्या ठेवपावत्या तीस लाखांत विकत घेतल्या आणि त्या कर्जापोटी जमा करून घेतल्या, तर कर्ज फिटले, त्याचे सत्तर लाख वाचले आणि संस्थेच्या तिजोरीत एक पैसाही आला नाही. पावती विकणाऱ्याला तीस टक्के मिळाले, न विकणाऱ्याच्या वाट्याचा निधी आटला. अशा व्यवहारांचा आणि मालमत्ता कमी भावात विकल्याचा आरोप होता. तो आरोप आहे, सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. पण कुंपणानेच शेत खाल्ले तर काय, हा प्रश्न त्याने ऐरणीवर आणला, हे नक्की.

धुळ्यातील निकाल

दुसरे प्रकरण ठेवीचे नव्हे, कराच्या पैशाचे आहे. १९९० च्या दशकात जळगाव नगरपालिकेने गरिबांसाठी घरकुल योजना आखली. हुडकोचे कर्ज काढले. सुमारे ११ हजार घरे बांधायची होती. दीड हजारांच्या आसपासच पूर्ण झाली. ठेकेदाराला दिलेल्या बिनव्याजी उचलीसह सुमारे २९ कोटींच्या गैरव्यवहाराचा ठपका आला. नगरपालिकेची महापालिका झाल्यानंतर, फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त डॉ. प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. फिर्याद एका अधिकाऱ्याने दिली, तरी खटला राज्याचा झाला. मार्च २०१२ मध्ये माजी मंत्री सुरेश जैन यांना आणि त्याच वर्षी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना अटक झाली.

खटला चालला धुळ्याच्या विशेष न्यायालयात. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी निकाल लागला. ४८ आरोपी दोषी ठरले. जैन यांना सात वर्षांची कैद आणि १०० कोटींचा दंड, देवकर यांना पाच वर्षांची कैद झाली. आरोपींनी उच्च न्यायालयात दाद मागितली आणि त्यांना जामीनही मिळाला. विशेष न्यायालयाचा निकाल हा शेवटचा शब्द नसतो, हे ध्यानात ठेवूनच या निकालाकडे पाहायला हवे.

फिर्यादीपासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षे. या काळात शहराचे काय झाले? कर्जफेडीचा बोजा महापालिकेच्या मानगुटीवर बसला. प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणापर्यंत गेले, महापालिकेची बँक खाती गोठली. रस्त्याला, गटारीला, दिवाबत्तीला पैसा कमी पडला. म्हणजे आरोपी कोर्टात उभे होते तेव्हा दंड जळगावकरच भरत होते.

आणि १०० कोटींचा दंड? सामान्य वाचकाचा समज असा की तो महापालिकेला मिळेल. तसे आपोआप होत नाही. फौजदारी दंड राज्याच्या तिजोरीत जातो. त्यातून नुकसान झालेल्याला भरपाई द्यायची तर न्यायालयाला तसा आदेश करावा लागतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ मध्ये ही सोय होती. वर्तमानपत्रांत दंडाचा आकडा मोठ्या टाइपात येतो. हा पैसा पुढे कोणाकडे जातो, त्याची बातमी क्वचितच होते.

पालक कोणाला जबाबदार?

सरकार लोकांच्या वतीने लढते, तेव्हा एक धोकाही निर्माण होतो. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८५ च्या कायद्याने केंद्र सरकारने सर्व पीडितांच्या वतीने दावे लढवण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. फेब्रुवारी १९८९ मध्ये युनियन कार्बाइडशी ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पीडितांना विचारलेही गेले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने पालकत्वाचे तत्त्व मान्य केले, पण रकमेविषयीची खंत अद्याप गेलेली नाही.

याउलट अमेरिकेतील तंबाखूचे उदाहरण. मिसिसिपी राज्याच्या महाधिवक्त्याने १९९४ मध्ये सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. तंबाखूजन्य आजारांच्या उपचारावर राज्याचा झालेला खर्च कंपन्यांनी द्यावा, ही मागणी होती. नोव्हेंबर १९९८ मध्ये ४६ राज्यांशी करार झाला. २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर देण्याचे आणि जाहिरातींवर बंधने पाळण्याचे कंपन्यांनी कबूल केले. तिथले महाधिवक्ते बहुतेक राज्यांत थेट निवडून येतात. त्यामुळे त्यांना राजकीय महत्त्वाकांक्षा असते, पण मतदारांना हिशेबही द्यावा लागतो.

आपल्याकडे विशेष सरकारी वकील शासन नेमते. सत्ता बदलली की वकीलही बदलू शकतो. मार्च २०२२ मध्ये तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत ध्वनिचित्रफिती सादर करून एका विशेष सरकारी वकिलावर विरोधकांना गोवण्याच्या कटाचा आरोप केला. त्या वकिलांचा जळगावच्या प्रकरणांशीही संबंध होता. त्यांनी आरोप नाकारले. कोण खरे, हा इथला विषय नाही. मुद्दा असा की, वकिलावर पक्षाचा शिक्का बसला, खरा असो वा खोटा, की पहिला तोटा ठेवीदाराचा होतो. आरोपीला बचावाचा नवा मुद्दा मिळतो आणि ठेवीदाराला पुढची तारीख.

सरकारी अभियोक्ता हा पोलिसांचा वकील नसतो आणि मंत्र्याचाही नसतो. खटला मागे घ्यायचा असेल तरी त्याने स्वतःच्या विचाराने आणि न्यायालयाच्या संमतीनेच घ्यावा, असे कायदा सांगतो. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र फायलींचा ढीग, अपुरे कारकून आणि वारंवार बदलणारे सक्षम प्राधिकारी यांत हे तत्त्व गुदमरते. प्रांताधिकाऱ्याला निवडणूक, पीकपाहणी, अतिवृष्टीचे पंचनामे सांभाळून जप्त मालमत्तेचे सातबारे गोळा करायचे असतात.

मोजमाप कशाचे?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ ने आणखी एक पाऊल टाकले आहे. गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता न्यायालय जप्त करू शकते आणि पीडितांत ती वाटण्याचे काम जिल्हादंडाधिकाऱ्याने साठ दिवसांत करावे, अशी तरतूद झाली. १८७९ मध्ये न्यायाधीशाला हिशेब तपासायला सांगितले, १९४४ मध्ये सरकारचा पैसा आधी गोठवला, १९९९ मध्ये ठेवीदाराचा गोठवला आणि आता वाटपाला मुदत आली. दिशा बरोबर आहे.

पण आपण या खटल्यांचे मोजमाप चुकीच्या फुटपट्टीने करतो. किती जणांना अटक झाली, कोण किती वर्षे आत गेला, याचीच चर्चा पारावर होते. विचारायचे ते निराळे : किती मालमत्ता जप्त झाली, जप्ती कायम किती झाली, लिलाव किती झाला आणि किती रुपये कोणाच्या हाती पडले? हे चार आकडे प्रत्येक प्रकरणात दरवर्षी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लागले, तर अर्धे काम झाले. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. ठेवीदारांच्या संघटनांनी, पंचायत समितीच्या सदस्यांनी, आमदारांनी ते मागायला हवेत.

शिक्षा हवीच. ती धाकासाठी आहे. पण जळगावच्या ज्या निवृत्त माणसाने आयुष्याची पुंजी पावत्यांच्या रूपात कपाटात जपून ठेवली आहे, त्याला आरोपीच्या तुरुंगवासाने औषध आणता येत नाही. सरकार त्याच्या वतीने कोर्टाची पायरी चढले, हे योग्यच झाले. आता पैसे घेऊन ती उतरायचीही आहे.